आकडे बनवते, लावत नाही

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी तुमच्या पेपरात वाचकांच्या पत्रांत एका गृहस्थांचं पत्र होतं, की फ्लॅटमध्ये लोक कारखाने काढायला लागलेत, ठोकाठोकीने दुपारची झोप मिळत नाही, सोसायट्यांनी कडक नियम केले पाहिजेत वगैरे. गृहस्थ कुठले ते मला माहीत नाही, पण सकाळी नऊच्या आत मला तीन फोन आले की अगं तुझ्यावरच लिहिलंय बहुतेक. म्हणून म्हटलं आपणही लिहावं. मी ६३ वर्षांची बाई, जन्म बडोद्याचा, दांडिया बाजारात वाढले, आता वाघोडिया रोडकडे एका सोसायटीत चौथ्या मजल्यावर राहते. आणि माझा कारखाना म्हणजे मागच्या गॅलरीतलं अडीच फुटी टेबल, त्यावर चार इंची वाइस (तार आवळून धरायचा लोखंडी शिकंजा), तीन पकडी, एक कटर, दोन कानशी आणि श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत भरलेल्या तारा. त्यात मी तारेचे आकडे, कड्या, नकुचे, बारीक स्प्रिंगा असलं काहीबाही बनवते. तार वळते म्हटलं की बायका लगेच विचारतात कानातलं करता का हो. नाही करत. कानातलं करणारे ढीगभर आहेत, खिडकीच्या तुटलेल्या आकडीला कोणी वाली नाही.

आता पहिला घोटाळा झाला तो 'आकडा' या शब्दाने. आपल्यात भिंतीला काही टांगायचं तो आकडा, अंबाड्यात खोचायचा तो आकडा, हिशोबातला आकडा, रात्री विजेच्या लाइनवर टाकतात तोही आकडाच, आणि मटक्याचा तर आहेच आहे. खालच्या मजल्यावरच्या बेननी वॉचमनला विचारलं, वो उपरवाले मासी दिनभर क्या करते है, आणि त्या भल्या माणसाने, मीच त्याला सांगितलं होतं तसं, सांगून टाकलं की आकडे बनाती हैं. झालं. चार दिवसांत सोसायटीभर कुजबुज की चौथ्या मजल्यावर आकड्यांचं चालतं. लिफ्टमध्ये एक वयस्कर काका दबक्या आवाजात मला विचारून गेले की ओपन काय येईल. मी म्हटलं काका, मी आकडे बनवते, लावत नाही. ते जरा नाराजच झाले.

विनोद बाजूला ठेवू. एक आकडा कसा होतो ते सांगते, म्हणजे त्यात आवाज किती आणि कुठे होतो ते त्या पत्रलेखकांनाही कळेल. मी बहुतेक १४ नंबरची पितळी तार घेते, ती साधारण २ मिलिमीटर जाड असते. दुकानातून येते ती भेंडोळ्यात, सगळीकडून वाकलेली, आणि वाकड्या तारेचा आकडा जन्मात सरळ होत नाही. म्हणून तारेचं एक टोक वाइसमध्ये आवळायचं, दुसरं हाताने फिरवायच्या ड्रिलच्या तोंडात, तार ताणून धरायची आणि ड्रिल सावकाश फिरवायचं. दहाबारा पिळांत तार पट्टीने आखल्यासारखी सरळ होते, डोळ्यासमोर, मला तर अजून बघायला मजा येते. पिळाने ती जरा कडकही होते, ते आपल्या फायद्याचंच. पण हावरेपणा करून जास्त पीळ दिला की फाटकन तुटते आणि टोक उडतं, तेव्हा चष्मा घालूनच. मग बारा-बारा सेंटीमीटरचे तुकडे पाडायचे. कटरने कापलं की टोकाला घराच्या छपरासारखी धार राहते, ती कानशीचे दोन हात मारून घालवायची, बाजारच्या हुकाला ही काढलेली नसते आणि मग पडद्याचे धागे ओढले जातात, ओढणी फाटते.

पुढचं काम खरं हाताचं. गोल तोंडाच्या पकडीत तारेचं टोक अगदी काठाशी धरायचं, लपेटून डोळा करायचा. नवशिक्याचा डोळा नेहमी एका बाजूला लोंबतो, इंग्रजी पी अक्षरासारखा. तसा टांगला की आकडा तिरका राहतो आणि सगळा भार एका अंगावर येतो. तर पक्कड डोळ्यातच ठेवून, तार जिथे डोळ्याला मिळते तिथे उलट बाजूला जराशी मोड द्यायची. डोळा मानेवर बरोबर मधोमध येऊन बसतो. बाबा याला 'मान मोड' म्हणायचे, आणि माझी मान मोडायला आठव्या वर्षी जी सुरुवात झाली ती जमायला बारावं उजाडलं. खालचं वाकण मात्र पकडीने करायचंच नाही, त्याला फर्मा. माझा फर्मा म्हणजे बाभळीचा ठोकळा, त्यात डोकी उडवलेले चार खिळे. तार खिळ्याभोवती ओढून घ्यायची, सगळे आकडे एकसारखे. फक्त तार सोडली की थोडी उघडते, तिचा स्वभावच आहे तो, म्हणून वाकण जेवढं पाहिजे त्याहून खिळा बारीक घ्यायचा. किती बारीक ते तारेवर, आणि ते पहिले पाच आकडे वाया घालवूनच कळतं. शेवटी टोकाला बाहेर जरासा ओठ, म्हणजे दोरी अडकवताना चाचपडायला लागत नाही.

यात हातोडी कुठे आली? शेवटी एकदाच. वाकणाला ऐरणीवर दोन हलके ठोके, की ती जागा घट्ट होते आणि भाराने उघडत नाही. वीस आकडे म्हणजे चाळीस ठोके, तेही सावकाश. आमच्या समोरच्या घरी सकाळी मिक्सरमध्ये शेंगदाण्याची चटणी होते तेव्हा माझ्या कपाटातले ग्लास हलतात, मी कधी पेपरात लिहिलं नाही.

पण खरं ते खरं. सुरुवातीला मी ऐरण, म्हणजे रेल्वेच्या रुळाचा एक वीतभर तुकडा आहे बाबांचा, तो थेट टाइलवर ठेवून ठोकत होते आणि ते खालच्या बेनच्या डोक्यात जात असणार. आता तो वाळू भरलेल्या जुन्या उशीच्या अभ्र्यावर ठेवते आणि टेबलाच्या पायांखाली रबराचे तुकडे आहेत. दुपारी एक ते चार कानसही हातात घेत नाही. हे मी आधी करायला हवं होतं, सोसायटीची नोटीस आल्यावर केलं, ते चुकलंच.

बाबा प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपात फिटर होते. घरी आले की चहा झाल्यावर ओट्यावर बसून काहीतरी वळत बसायचे. विकत आणायला पैसे नव्हते असं नाही, पण दोन पैशाच्या आकड्यासाठी मांडवीपर्यंत कोण जाणार असा त्यांचा हिशोब. त्यांचा कच्चा माल म्हणजे सायकलचे तुटलेले आरे. आरासुद्धा साधारण १४ नंबरचा, २ मिलिमीटरच, पण कडक, एकदम कोपऱ्यात मोडला तर तुटणार, त्याला मोठ्या गोलाईने घ्यावं लागतं. बांधकामावर सळ्या बांधायची काळी तार असते ना, बाइंडिंग वायर, ती भट्टीत तापवून मऊ केलेली असते, पोरीटोरींच्या हातांना शिकायला ती उत्तम, गंजते पण शिकण्यापुरती काय. मी त्यावरच शिकले.

तारेच्या नंबराचा एक किस्सा सांगितल्याशिवाय राहवत नाही. परवा शहरात एका हार्डवेअरच्या दुकानात गेले, म्हटलं १४ नंबर पितळी तार द्या अर्धा किलो. काउंटरवरचा पोरगा म्हणतो, जाडो जोईए के पातळो, मासी? मी म्हटलं अरे चौदा. तो म्हणाला चौदा म्हणजे बारापेक्षा जाड ना. नाही रे बाबा! तारेत नंबर वाढला की तार बारीक होते. १४ नंबर २ मिलिमीटर, १८ नंबर सव्वा मिलिमीटरच्या आतबाहेर, २२ नंबर पाऊण मिलिमीटरसुद्धा नाही. सोनार कसा जंतरातून तार ओढतो, एका भोकातून ओढली, मग त्याहून बारीक भोकातून, तसं हे. जितक्या वेळा ओढली तितका नंबर मोठा आणि तार बारीक, असा हिशोब तिथून आला. पुढे इंग्लंडात १८८४ मध्ये हे नंबर कायद्याने पक्के केले आणि आपल्याकडे दुकानांत अजून तेच चालतात. पोरगा म्हणाला उलटंच आहे की. म्हटलं आहे खरं, पण तू दुकानात बसतोस, तुला माहीत पाहिजे. शेवटी मी पर्समधला व्हर्नियर, म्हणजे जाडी मोजायची पट्टी, काढून मोजून घेतली आणि मागे रांगेत उभा असलेला प्लंबर हसायला लागला. अर्ध्या किलोत साधारण अठरा मीटर तार येते, म्हणजे दीडशे आकडे, मला वर्षभर पुरतात.

कड्यांचं गणितही असंच फसवं. आत १० मिलिमीटर मोकळी जागा राहील अशी कडी पाहिजे, तार २ मिलिमीटरची. नातू म्हणाला दहा गुणिले ३.१४, एकतीस मिलिमीटर. तसं कापलं तर कडी मिटतच नाही, तोंड आ वासून राहतं. मोजायचं ते तारेच्या मध्यापासून मध्यापर्यंत, १० अधिक २, बारा गुणिले ३.१४, सुमारे अडतीस. शाळेत त्याला परिघाचं सूत्र पाठ होतं, कडी हातात घेतल्यावर ते कळलं. आणि एकेक कडी वळायचीच नाही खरं तर, सळीवर तार स्प्रिंगसारखी गुंडाळायची आणि बारीक करवतीने उभी चीर द्यायची, एका दमात वीस कड्या पडतात. कडी उघडताना तोंडं एकमेकांपासून लांब ओढायची नाहीत, एक पुढे एक मागे असं बाजूला फिरवायचं, नाहीतर गोलाई गेली ती गेली.

आता वरच्या मजल्यावरच्यांची धुराची तक्रार. तीही खरी आहे आणि ती माझी सर्वांत मोठी मूर्खपणाची गोष्ट आहे. जीआय तार, म्हणजे जस्त चढवलेली लोखंडी तार, जरा कडक वाटली म्हणून मी गॅलरीत ब्लो टॉर्चने तापवली, पितळेची तापवते तशीच. पांढराधोट धूर निघाला, तारेवर कापूस पिंजल्यासारखं काहीतरी जमलं, वरच्या मजल्यावरून आरडाओरडा. रात्री मला थंडी वाजून ताप, अंग मोडून आलं, मला वाटलं मलेरिया. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत काही झालंच नाही असं उतरलं. डॉक्टरांनी विचारलं काल काय केलं, सांगितल्यावर कपाळाला हात लावला. जस्ताच्या धुराचा ताप असतो तो, वेल्डिंग करणाऱ्यांना होतो. तेव्हा माझ्यासारखं घरी काही करत असतील त्यांना हात जोडून सांगते, जीआय तार कधीही तापवू नका, वाकवायची तर गारच. वरच्या मजल्यावर जाऊन मी माफी मागून आले आहे, नानकटाई घेऊन.

नानकटाईवरून आठवलं, ओव्हनचं. पादरा गावाकडे माझा मावसभाऊ राहतो, त्याच्या गोठ्यात दोन म्हशी. त्याला मोठ्या हौसेने दोन डझन पितळी आकडे करून दिले, दोऱ्या, बादल्या टांगायला. पावसाळाभर होते, दिवाळीनंतर त्याचा फोन, ताई तुझे आकडे काडकन तुटतात, काही न टांगता तुटतात. जाऊन बघितलं तर वाकणांवर बारीक बारीक चिरा, कोणी सुरीने ओढल्यासारख्या. मला वाटलं तार खोटी, दुकानदाराला मनात शिव्या घातल्या. मग भाच्याने, तो मेटलर्जीवाला आहे, म्हणजे धातूंचं शास्त्र शिकलेला, सांगितलं की आत्या हे फार जुनं दुखणं आहे. इंग्रजांच्या काळी हिंदुस्थानातल्या पलटणींची काडतुसं पावसाळ्यात घोड्यांच्या पागांत ठेवायचे आणि पाऊस संपल्यावर बघावं तर पितळेच्या नळ्या तडकलेल्या. कारण सापडलं ते १९२१ मध्ये. घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया, आणि ओढून-दाबून घडवलेल्या पितळेत आत अडकून राहिलेला ताण, दोन्ही एकत्र आले की पितळ आपोआप फुटतं. म्हशींनी माझ्यावर तोच प्रयोग केला म्हणायचं. उपाय सोपा, वळून झालेले आकडे २५०-२६० डिग्रीवर तासभर ठेवायचे, आतला ताण उतरतो आणि कडकपणाही राहतो. तेव्हापासून माझ्या ओव्हनमध्ये नानकटाईचा ट्रे निघाला की मी आच पूर्ण वाढवते आणि त्याच आचेत आकड्यांचा ट्रे जातो. वेगळा ट्रे बरं का, नाहीतर आणखी एक पत्र यायचं पेपरात. गोठ्यात मात्र आता स्टीलचेच दिलेत, विषाची परीक्षा कशाला.

स्टीलचं म्हणाल तर दुकानदार मॅग्नेट लावून दाखवतात, चिकटलं नाही की असली ३०४, म्हणजे चांगल्या प्रतीचं न गंजणारं स्टील. त्यावर फार जाऊ नका. हलकं २०२ सुद्धा चिकटत नाही, आणि उलट खरं ३०४ गार वाकवलं, ओढलं की थोडं थोडं चिकटायला लागतं. माझ्या स्वतःच्या आकड्याला दांड्यावर मॅग्नेट जेमतेम धरतो आणि वाकणावर पटकन. नातवाने हे शोधलं, मी नाही.

काय करत नाही तेही सांगते, कारण कोणीतरी विचारणारच. हिंचक्याच्या कड्या मी करत नाही. दोनदा मागणी आली, इथे घरोघरी हिंचका, पण ज्याच्यावर माणूस बसणार ते भट्टीत घडवलेलंच घ्यावं, तारेचा खेळ तिथे चालत नाही. पंख्याचा हूक नाही, गॅसच्या नळीची क्लिप नाही. माझे आकडे म्हणजे किल्ल्या, झारे, पडदे, तुळशीपाशी दिवा, गणपतीत मखराची लायटिंग, मच्छरदाणीच्या कड्या. ट्रंकेचा नकुचा तुटला तर तो. टॉर्चमधली सेल दाबणारी स्प्रिंग गंजली तर ती, आमच्या वॉचमनच्या टॉर्चची मीच करून दिली, १८ नंबरच्या स्प्रिंगच्या तारेची. पहिली २० नंबरची केली होती ती फारच मऊ झाली, सेल खडखडायचे. तारेची जाडी जरा वाढवली की स्प्रिंग कैकपट कडक होते, दुप्पट जाड केली तर सोळापट, म्हणून एक नंबर इकडचा तिकडे झाला तरी कळतं.

आणि सेफ्टी पिन! आपल्या बायकांच्या बांगडीत दोन-तीन लटकत असतात, कोणी तिच्याकडे बघत नाही. तिच्या खालच्या टोकाला तारेचा जो एक वेढा आहे ना, सगळी करामत त्या वेढ्यात, तोच तिची स्प्रिंग. वॉल्टर हंट नावाच्या अमेरिकन माणसाने १८४९ मध्ये तिचं पेटंट घेतलं, कोणाचे तरी पंधरा डॉलर द्यायचे होते म्हणून तारेचा तुकडा वळत बसला होता म्हणे, आणि सगळे हक्क चारशे डॉलरला विकून मोकळा झाला. मी शालीसाठी मोठी पिन करायला बसले, मऊ पितळेची तार घेतली, पिन दिसायला सुरेख, पण एकदा दाबली की दाबलेलीच राहायची, उघडायचं नावच नाही. पिळून कडक केलेल्या तारेची केली तेव्हा ती जिवंत झाली. चार डझन पिनांची तार वाया गेली असेल, पण त्या चार दिवसांत मला तार म्हणजे काय ते जेवढं कळलं तेवढं आधीच्या पन्नास वर्षांत नव्हतं कळलं.

आता मुद्द्यावर येते, कारण नोटीस. आमच्या सोसायटीने ठराव केलाय की फ्लॅटमध्ये 'औद्योगिक स्वरूपाचं' काहीही करायचं नाही. सेक्रेटरींना मी विचारलं, माझं औद्योगिक कसं, मी एक आकडा विकला नाही आजवर. ते म्हणाले मावशी तुमचं नाही हो, पण नियम सगळ्यांना एक. बरोबर आहे, कोणी उद्या लेथ, म्हणजे लोखंड कातायचं यंत्र, बसवला तर? मी तरी सहन करेन का, नाही करणार. पण मग शिलाई मशीन चालतं, ट्यूशनची तीस पोरं जिन्यात चपला काढतात ते चालतं, पापड-खाखऱ्याचा घरगुती धंदा चालतो (आणि चालावा, खाखरे उत्तम असतात त्यांचे), फक्त हातात पक्कड दिसली की ते औद्योगिक!

हे बडोद्यात व्हावं याचं मला जास्त वाईट वाटतं. आमच्या जुन्या घरापासून चालत दहा मिनिटांवर कलाभवन. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये ते काढलं, त्रिभुवनदास गज्जर पहिले प्रमुख, हाताचं काम शास्त्र समजून आणि आपल्या भाषेत शिकवायचं हा त्यांचा आग्रह. आपले दादासाहेब फाळके तिथेच शिकले. आता तिथे युनिव्हर्सिटीचं इंजिनियरिंग आहे, आमच्या बिल्डिंगमधली दोन पोरं तिथे जातात, हुशार आहेत, मशीन डिझाइनच्या वहीत स्प्रिंगची सूत्रं सुंदर अक्षरात. त्यातल्या एकाला मी म्हटलं ये, स्प्रिंग गुंडाळून बघ. त्याने आठ मिलिमीटरच्या सळीवर गुंडाळली, सोडल्यावर ती फुगून साडेनवाची झाली आणि पोरगं खुळ्यासारखं बघत राहिलं. मग स्वतःच सळ्या बदलत बसला, साडेसहा, सात, रात्री साडेनऊपर्यंत, त्याची आई बोलवायला आली. त्याचा दोष नाही, त्याच्या घरात वाइस लावायला जागा कुठे आहे? पूर्वी पोळीत, म्हणजे इथल्या जुन्या गल्लीतल्या घरांना, ओटा होता, वाड्यात अंगण होतं, कोणी ना कोणी काहीतरी ठोकत बसलेलं असायचं आणि पोरं भोवती. फ्लॅटमध्ये ओटाच नाही.

म्हणून माझं त्या पत्रलेखक बंधूंशी भांडण नाही. झोप त्यांची खरी आहे. त्यांचा उपाय तेवढा अर्धा आहे, बंद करा म्हणून सोडून दिलं. आमच्या सोसायटीत जिम आहे, त्यात ट्रेडमिल आहे ज्यावर टॉवेल वाळत असतात. टेबल टेनिसचं टेबल आहे. जिमच्या मागे पंपरूमला लागून एक खोली आहे, आठ बाय दहा, त्यात गणपतीचं मखर आणि मोडक्या खुर्च्या ठेवतात. तिथे पंपाचाच आवाज इतका असतो की माझी हातोडी कोणाच्या बापालाही ऐकू जाणार नाही. त्या खोलीत एक जाड टेबल भिंतीला बोल्ट करून बसवायचं, वर ट्यूबलाइट, एक खिडकी उघडी, आणि वही ठेवायची, कोण कधी आलं ते लिहायला. ज्याला खुर्चीचा स्क्रू आवळायचाय, ज्याला उत्तरायणाआधी फिरकीचा दांडा नीट करायचाय, ज्या बाईला पडद्याचा एकच हूक पाहिजे आणि दुकानात बाराचं पाकीट घ्यावं लागतं, सगळ्यांनी तिथे जावं. तापवायचं काम तिथे करायचं नाही, हे मीच पहिल्यांदा लिहून देते, जस्ताचा ताप एकदा पुरे झाला. इतर सोसायट्यांनीही आपापल्या जिमच्या मागे बघावं, एखादी खोली निघतेच.

सेक्रेटरी म्हणाले मावशी टेबलाचा खर्च एजीएममध्ये, म्हणजे वार्षिक सभेत, मांडावा लागेल, मांडा म्हटलं. लिफ्टमधले काका मला पाठिंबा देणार आहेत, त्यांना अजून वाटतं माझ्याकडे काहीतरी टीप आहे. खालच्या बेननी परवा निरोप पाठवला की त्यांच्या देवघरातल्या घंटेचा आकडा तुटलाय, आवाज न करता करून देता येईल का. दिलाय. वाइसचा खर्च कोणी धरू नका, बाबांचा आहे तो मी खाली आणून देते, फक्त उचलायला दोन माणसं पाठवा.

आपली,
एक जुनी वाचक,
बडोदा